वाचनालयाची किल्ली आणि फुकटची सेवा



ज्यास वाचता येते तो वाचतो, ज्यास येत नाही तो पारावर बसून दुसऱ्याकडून ऐकतो, असा आपल्या पत्राचा वाचक आहे. वाचण्याच्याच बाबतीत चार शब्द लिहावयाचे आहेत. कृपा करून जागा द्यावी.

सेवा हा शब्द कानाला मोठा गोड लागतो. पण तो कोण कोणास म्हणतो हे पाहिल्यावाचून त्याचा अर्थ लागत नाही. मालक गड्यास सेवा कर म्हणतो तेव्हा एक अर्थ. गडी मालकास म्हणेल तेव्हा दुसरा. आणि तो प्रसंग निदान मी तरी अजून पाहिलेला नाही. हल्ली ह्या शब्दाच्या मागे 'स्वयं' हे शेपूट लावून त्याला नव्याने बाजारात आणले आहे. मागच्या महिन्यात आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या दारावर एक कागद लागला व तोच गावच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. मजकूर असा की, वाचनालयास स्वयंसेवक पाहिजेत. सुशिक्षितांनी रोज दोन तास द्यावेत. हे समाजसेवेचे काम असल्यामुळे मोबदला नाही. खाली कार्यकारी मंडळाच्या सभासदांची नावे, पदव्या आणि मानमरातब यांच्यासकट. वाहवा करणाऱ्यांच्या जोडलेल्या हातांची चित्रे मोजता मोजता पुरेवाट झाली. येतो म्हणणारे मात्र तिघे निघाले. त्या तिघांतला एक प्रस्तुत लेखक आहे. म्हणून मी जे लिहितो ते काठावर बसून लिहीत नाही. संध्याकाळी शाळा सुटल्यावर ते दार मीच उघडतो, झाडू मीच फिरवतो, आणि तरीही म्हणतो की हा कागद ज्यांनी लावला त्यांना गावाने जाब विचारला पाहिजे.

पहिला प्रश्न साधा आहे. स्वयंसेवक पाहिजेत, ते का? काल ह्या खुर्चीवर कोणी बसत नव्हते काय? बसत होते. गावचीच एक लेक सहा वर्षे बसत होती. तिने ग्रंथालयाची प्रमाणपत्र परीक्षा दिलेली होती. दाखल नोंदवही, देवघेव वही, सभासद वही, हजेरी, सगळे तिच्या हातचे, आणि अक्षर असे की माझ्या चौथीच्या मुलांस कित्ता म्हणून द्यावे. ती गेली. कोठे गेली? तालुक्याच्या गावी कापडाच्या दुकानात. तिला पुस्तकांचा कंटाळा आला काय? नाही. तिला पोट आहे, एवढाच तिचा अपराध.

आता हिशेब मांडतो. मास्तराला हिशेबावाचून करमत नाही. आमचे वाचनालय ड वर्गाचे. शासनमान्य ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, त्यांतले हे शेवटचे. म्हणजे पंगतीत दाराजवळ बसणारे. ह्या वर्गास सालाला ३०,००० रुपये अनुदान होते. सन २०२२-२३ पासून सरकारने ६० टक्के वाढ केली तेव्हा ते ४८,००० झाले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा आणि निम्मा पुस्तके, वर्तमानपत्रे, वीज, भाडे, कागद यांचा. ४८,००० चे निम्मे २४,०००. त्यास बाराने भागा. महिन्याचे २,००० रुपये! वाढीच्या आधीचा आकडा काढाल तर १,२५०. सन २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामावर माती टाकणाऱ्यास दिवसाला २९७ रुपये दर होता. म्हणजे ज्या बाईने गावची हजार दोन हजार पुस्तके सांभाळली तिचा महिना माती टाकणाऱ्याच्या सात दिवसांस पुरत नाही. आणि हे दोन हजार तरी महिन्याच्या महिन्यास हाती पडावेत? अनुदान हप्त्यांनी येते, उशिरा येते, आणि तोवर तिने वाण्याच्या वहीत आपले नाव वाढवीत बसावे. माती टाकणे हे हलके काम आहे असे मी म्हणत नाही, माझा बाप तेच करीत होता. मी म्हणतो ते इतकेच की मातीला जो भाव आहे तो तरी पुस्तकाला द्या.

ती गेल्यावर मंडळाने काय करावयास पाहिजे होते? अध्यक्षांनी तालुक्यास जावे, जिल्ह्यास जावे, इतर गावच्या मंडळांस गोळा करावे, आमदाराच्या दारात बसावे व म्हणावे की दोन हजारांत माणूस मिळत नाही, आमचे वाचनालय बंद पडते. तसे झाले नाही. बसल्या जागी एक कागद लिहिला आणि आयजीच्या जिवावर बायजी उदार! ज्या कामाला सरकारने तुटपुंजा का होईना पण पगार मानला आहे, ते काम ह्यांनी एका ओळीत बिनपगारी करून टाकले. मग त्या २४,००० चे काय होणार, हे मी विचारले तेव्हा मला सांगण्यात आले की गुरुजी, कागदोपत्री कोणाची तरी सही लागते, तुम्ही सही करा आणि रक्कम वाचनालयास देणगी म्हणून परत करा. मी सही केली नाही. अशी रीत आणखी कोठे चालत असेल तर ज्याची त्याने आपल्या मनाशी ओळखावी; मी कोणाचे नाव घेत नाही. एवढे मात्र सर्वांस ठाऊक आहे की २०१२ साली महसूल खात्याकडून राज्यातल्या ग्रंथालयांची पडताळणी झाली तेव्हा पाटी आहे पण वाचनालय नाही, असली पुष्कळ निघाली. तेव्हा मोठी ओरड झाली. पण ज्या धंद्यात माणसाला दोन हजार देऊन वर प्रामाणिकपणाची अपेक्षा करतात, तेथे खोट्या पाट्या लागल्या याचे नवल कसले?

ह्यावर एक गृहस्थ मला म्हणाले, "मास्तर, सगळीकडे पैसा पैसा काय करता? जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी पगार घेतला होता काय?" हे गृहस्थ फुल्यांच्या पुतळ्यास वर्षातून दोनदा हार घालतात, म्हणून त्यांचे समाधान करणे मला भाग आहे.

होय बाबा, त्या दोघांनी स्वतःची झीज सोसून शाळा चालविल्या. पण जोतीराव सरकारी बांधकामाचे मक्ते घेत होते, त्यांच्या घरी चूल पेटावयास दुसरा आधार होता. आपल्या झिजेची ते दुसऱ्या गरिबाकडून वसुली करीत नव्हते. सन १८८२ साली हंटर कमिशनपुढे त्यांनी जे निवेदन दिले ते ह्या गृहस्थांनी हार घालण्याच्या आधी एकदा वाचावे. त्यात प्राथमिक शाळेच्या मास्तराविषयी जोतीराव काय मागतात? तो शिकून तयार झालेला असावा; शक्य तो शेतकऱ्यांच्या वर्गातला असावा, नांगराची मूठ किंवा सुताराचा वाकस हाती धरावयास न लाजणारा असावा; आणि त्यास पगार पोटापुरता असावा, महिना बारा रुपयांहून कमी नसावा, मोठ्या गावी पंधरा किंवा वीस असावा. आकड्यासकट मागणी! सेवेचे पुण्य सांगून त्यांनी मास्तरास वाटेस लावले नाही. कारण त्यांना पक्के ठाऊक होते की बिनपगारी जागा रिकामी राहिली म्हणजे ती ज्याचे पोट आधीच भरलेले आहे त्याच्याकडेच जाते, आणि मग तो तेथे काय शिकवील आणि कोणास शिकवील ते त्याच्या मर्जीवर राहते. स्वतः फुकट राबणे हा त्यांचा त्याग होता. दुसऱ्यास फुकट राबविणे ह्यास आमच्या भाषेत वेठ म्हणतात.

आणि वेठ आम्हांस नवी नाही. गावगाड्यात बलुतेदार राबत असे, पण त्यालाही खळ्यावर सुपाने माप पडत असे. न्हाव्याला, सुताराला, कुंभाराला कोणी असे म्हटले नाही की बाबा, ही समाजसेवा आहे, तू नुसता आशीर्वाद घेऊन जा. महाराच्या वाट्याला मात्र वतनाच्या नावाखाली अष्टौप्रहर वेठ आली, आणि ती मोडावयास शाहू छत्रपतींस करवीरात कायदा करावा लागला व पुढे बाबासाहेबांस मुंबईच्या कायदेमंडळात वर्षानुवर्षे झगडावे लागले. एवढ्या झगड्याने जी गोष्ट दारातून हाकलली ती 'स्वयंसेवा' असा सदरा घालून खिडकीतून आत येत असेल तर तिला कोणी हटकावयाचे?

कोणी म्हणेल, गुरुजी, तुम्ही फारच टोकाला जाता; एका वाचनालयाच्या दोन तासांसाठी एवढा इतिहास कशाला? म्हणून वाचनालय म्हणजे काय आणि ते कोणासाठी, ह्याचाही थोडा विचार करू.

सन १८४८ साली पुण्यात दोन गोष्टी घडल्या. लोकहितवादींसारख्यांच्या खटपटीने 'नेटिव्ह जनरल लायब्ररी' निघाली, तीच आजचे पुणे नगर वाचन मंदिर. आणि त्याच साली भिड्यांच्या वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. एके ठिकाणी ज्यांना वाचता येत होते त्यांच्यासाठी पुस्तके आली. दुसऱ्या ठिकाणी ज्यांना वाचू दिले नव्हते त्यांच्यासाठी अक्षरे आली. त्याच्याही आधी रत्नागिरीस १८२८ साली आणि नाशकास १८४० साली अशी वाचनालये झाली होती. ती झाली हे चांगलेच झाले. त्यांनी जपलेले ग्रंथ आज आमच्याही कामी येतात, हे नाकारण्याइतका मी कोता नाही. पण ती वाचनालये वर्गणीदारांची होती, आणि वर्गणी देणारा कोण, तर पेन्शनर, वकील, कारकून, सावकार. गाव म्हणजे एवढेच लोक, अशी त्या काळी समजूत. म्हणून १९२४ साली बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तेव्हा तिच्या उद्देशांत वसतिगृहांबरोबर वाचनालयेही घातलेली होती. ज्यांना नगरच्या वाचनालयाची पायरी चढता येत नव्हती त्यांना आपली पायरी आपणच बांधणे प्राप्त होते.

आज पायरीवर कोणी हटकत नाही. कायदा आहे, पाटीवर 'सार्वजनिक' असे मोठ्या अक्षरांत आहे. पण हटकण्याच्या रीती शंभर आहेत. आमच्याकडे सभासद व्हावयाचे तर अनामत भरावी लागते, महिन्याची वर्गणी भरावी लागते, आणि ओळख देणारा लागतो. माझ्या वर्गातला धनगराचा एक पोर पुस्तकाच्या कपाटापुढे उभा राहून काचेतून पाठीवरची नावे वाचीत असे, एका दमात सगळी. त्याच्याकडे अनामत नव्हती आणि बाप मेंढरे घेऊन कोकणाकडे गेलेला. त्याची ओळख कोणी द्यावी? युनेस्कोने १९४९ सालापासून सांगितले आहे, १९९४ व २०२२ साली फिरून सांगितले आहे, की सार्वजनिक ग्रंथालय तत्त्वतः विनामूल्य असावे. आमच्या मंडळाने ह्याचा अर्थ असा लावला की काम करणाराने विनामूल्य यावे आणि वाचणाऱ्याने मूल्य भरावे!

बायकांचे तर विचारूच नका. वर्तमानपत्रांचे टेबल दाराशीच, त्याभोवती बाप्ये पाय पसरून बसलेले; कोणत्या लेकीसुनेची छाती आहे त्यांना ओलांडून कपाटाशी जाण्याची? पूर्वीची ग्रंथपाल बाई होती तेव्हा चार मुली तिच्या आडोशाने येत. ती गेली, मुली गेल्या. फुकट्या पुरुष स्वयंसेवकांनी ही भरपाई कशी करावयाची, ते कागदावर लिहिलेले नाही.

आणि वेळ! स्वयंसेवक आपल्या सवडीने येणार. निवृत्त गृहस्थाची सवड सकाळी दहाची. माझी सवड संध्याकाळी साडेपाचची, तीही निवडणुकीचे काम, गणती, पोषण आहाराचे वजन आणि ऑनलाइन माहितीचे तक्ते उरकले तर. पण शेतमजुराची सवड रात्री आठची असते आणि उसाच्या टोळीवर जाणाऱ्याची सवड पावसाळ्यातली असते. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या गाव सोडतात त्या उन्हाळ्यात परततात. ज्या घराला वाचनालयाची सर्वांत जास्त गरज आहे ते घर अर्धे वर्ष गावात नसते. ह्याचा विचार पगारी, शिकलेला, दिवसभर बांधलेला माणूसच करू शकतो. जाता येता दार उघडणाराच्या हातून तो होत नाही. मी स्वतः दार उघडणारा आहे, आणि माझ्या हातून तो होत नाही.

हे अशक्य आहे असे मात्र कोणी म्हणू नये. मराठी राजाने हे करून दाखविले आहे. बडोद्यास सयाजीराव गायकवाडांनी १९०६ साली सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले, आणि पुढे त्यांच्या ध्यानात आले की शाळेतून सुटलेल्या पोराच्या हाती पुढे पुस्तक पडले नाही तर तो शिकलेले विसरतो. म्हणून १९१० साली बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास पगार देऊन आणले. पगार देऊन, हे ध्यानात धरा. गावाने काही रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांतपंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने, अशी गावच्या वाचनालयाची रीत घातली. जेथे तेही शक्य नव्हते तेथे पुस्तकांच्या कुलूपबंद पेट्या फिरत्या ठेवल्या, पेटीचे भाडे सरकारचे. शंभर वर्षांमागे ज्या पेट्या बैलगाडीतून गावोगाव जात होत्या त्या आज उसाच्या टोळीबरोबर साखर कारखान्याच्या फडावर का जाऊ नयेत? टोळीच्या ट्रॅक्टरला पेटी जड होते काय? मोतीभाई अमीन यांनी बडोद्याच्या मुलखात गावोगाव वाचनालये काढण्यात आयुष्य घातले. ते शिक्षक होते. तेव्हा स्वयंसेवा तेथेही होती. पण तिच्या पाठीशी खजिना उभा होता. नुसत्या पाठ थोपटण्यावर ती चालली नव्हती.

आणि दूर कशाला? ह्या देशातला ग्रंथालयांचा पहिला कायदा कोणी केला? मुंबई सरकारने नव्हे, मद्रासनेही नव्हे. कोल्हापूर संस्थानाने, १९४५ साली. मद्रासचा कायदा त्याच्यानंतरचा, १९४८ चा. पण मद्रासने एक शहाणपण केले, कायद्याबरोबर घरपट्टीवर ग्रंथालयाचा कर बसविला. कर्नाटकाने १९६५ साली कायदा केला, त्यात कर आहे. केरळाने १९८९ साली केला, त्यात कर आहे. आमच्या महाराष्ट्राने १९६७ साली केला, आणि त्यात कर नाही! मुंबई सरकारने फैजी कमिटी नेमली होती ती १९३९ साली, म्हणजे आमच्याकडे विचाराला उशीर झाला असेही नाही. कायदा झाला, १९७० साली अनुदानाचे नियम झाले, पण खेड्यातले वाचनालय सरकारने आपले म्हणून पत्करले नाही. ते एखाद्या संस्थेने काढावे, मंडळाने चालवावे, सरकारने वर्षाकाठी ओंजळभर घालावे, अशी ही व्यवस्था. म्हणून वाचनालयाची जिंदगी अंदाजपत्रकातल्या उरल्यासुरल्यावर. शाळा सरकारची, दवाखाना सरकारचा, तलाठी सरकारचा. वाचनालय मात्र पुण्यवंतांचे.

कर म्हटला की लोक बिचकतात. पण ह्याच महाराष्ट्राने रोजगार हमीसाठी १९७५ साली व्यवसाय कर बसविला आहे. माझ्या पगारातून दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० असे सालाचे २,५०० कापून जातात, आणि मी त्याबद्दल कधी कुरकुर केलेली नाही, कारण तो पैसा कोठल्या नावाने घेतला ते मला ठाऊक आहे. त्याचप्रमाणे घरपट्टीत रुपयामागे चार पैसे वाचनालयाचे धरा. ज्याचा वाडा मोठा तो जास्त देईल, ज्याचे छप्पर पत्र्याचे तो थोडे देईल, आणि जो दोन पैसे देईल तो उद्या वाचनालयात येऊन विचारील की माझ्या पैशाचे पुस्तक कोठे आहे. खरी मेख येथे आहे. देणगीवर आणि सेवेवर चालणाऱ्या वाचनालयात येणारा मिंधा असतो. करावर चालणाऱ्या वाचनालयात तो मालक असतो. असे मालक गावात पाचशे झाले तर अध्यक्षांच्या कमरेची किल्ली सैल होईल, ही भीती कित्येकांस आधीपासून आहे.

केरळातले उदाहरण मास्तरांनी तरी विसरू नये. तेथील पी. एन. पणिक्कर हे शाळामास्तर. आपल्या गावी १९२६ साली त्यांनी वाचनालय काढले. पुढे १९४५ साली सत्तेचाळीस वाचनालये एकत्र करून त्रावणकोरात ग्रंथालयसंघ उभा केला. हा स्वयंसेवक खरा. पण त्याने सेवा करून घरी जाऊन झोप घेतली नाही. संघ केला, सरकारशी भांडला, आणि त्या चळवळीच्या पायावर पुढे कायदा आणि कर उभे राहिले. १९९५ साली ते वारले, आणि त्यांचा स्मृतिदिन, १९ जून, तेथे वाचनदिन म्हणून पाळतात. आमच्याकडेही २०१५ पासून १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन होतो. त्या दिवशी कपाटाचे कुलूप निघते, चार पुस्तके टेबलावर मांडतात, छायाचित्र होते, पुस्तके आत जातात. प्रेरणा झाली!

आता कपाटाच्या आत काय आहे तेही सांगून टाकतो, म्हणजे मंडळाचा मला राग आलाच आहे तो पुरता येईल. एका पुढाऱ्याच्या गौरवग्रंथाच्या पाच प्रती. व्रतवैकल्यांची पोथ्या-पुस्तके भरपूर, कारण त्यांवर सूट मोठी मिळते. स्पर्धा परीक्षेची जुन्या वर्षांची मार्गदर्शके. चांगली पुस्तकेही आहेत, नाही असे नाही. कोलकात्याच्या राजा राममोहन राय प्रतिष्ठानाकडून आलेली काही उत्तम आहेत, पण त्यांची पाने अजून चिकटलेली आहेत. शेतीचे, जमिनीच्या कायद्याचे, सातबारा कसा वाचावा ह्याचे एक पुस्तक मी चार वर्षे मागतो आहे. मिळाले नाही. ज्या गावात दर घरटी बांधाचा वाद आहे त्या गावात फेरफाराची नोंद समजावणारे पुस्तक नसावे, आणि वैकुंठाचा रस्ता दाखविणारी अकरा असावीत, हा योगायोग म्हणावा काय?

आणि येथे आपल्या पत्राच्या वाचकांस रुचणार नाही ते बोलतो. पूर्वी आम्ही म्हणत होतो की भटाने आम्हांस अक्षर दिले नाही. ते खरेच होते. पण आज आमच्या वाचनालयाच्या मंडळावर जी नावे आहेत ती सर्व आमचीच आहेत. अध्यक्ष आमचा, सेक्रेटरी आमचा, सोसायटीचा चेअरमन आमचा. सत्यशोधकाच्या नातवंडांनी किल्ली आपल्या हाती आल्यावर कुलूप काढावयाचे की आणखी एक लावावयाचे? मुकुंदराव पाटलांनी १९१० साली नेवाश्याच्या मुलखात, सोमठाण्यासारख्या खेड्यातून 'दीनमित्र' काढला आणि खेडुताच्या दारात छापील कागद नेला, त्या वेळी त्यांच्याजवळ अनुदान नव्हते आणि वीजही नव्हती. त्यांचे नाव सभेत घ्यावयाचे, आणि गावात आलेले वर्तमानपत्र अध्यक्षांच्या ओसरीवर दुपारपर्यंत अडकून पडावयाचे! आमच्या गावी ते रोज साडेबाराला वाचनालयात पोहोचते. मी वेळ लिहून ठेवली आहे.

मग स्वयंसेवकाने काही करूच नये काय? पुष्कळ करावे. मी करतो. बुधवारी आणि शनिवारी रात्री आठ वाजता समाजमंदिरात मी मोठ्याने वाचतो. पंधरा-वीस माणसे येतात, त्यांत सात बाया आहेत. त्या दिवशीचे वर्तमानपत्र आणि एखाद्या चरित्राचा भाग. परवा पीकविम्याचे परिपत्रक वाचले तेव्हा मंडळी दुप्पट होती. कोणी पत्र लिहून द्यावे, कोणी फाटकी पुस्तके शिवावीत, कोणी म्हाताऱ्याला घरी पुस्तक नेऊन द्यावे, कॉलेजच्या पोरांनी लहानांस गोष्टी सांगाव्यात. हे काम पगारी माणसाच्या कामावर चढविलेला मजला आहे. खालची भिंत पाडून कोणी मजला बांधीत नाही. विलायतेत, ज्या देशाकडून आम्ही वाचनालयाची कल्पना घेतली तेथेही, २०१० नंतर सरकारने हात आखडता घेतला आणि शेकडो वाचनालये स्वयंसेवकांच्या गळ्यात घातली. तेथल्या लोकांना निदान एवढे कळले की हे सेवेचे गौरवपत्र नसून काटछाटीचा हुकूम आहे. आम्ही त्या हुकमाला हार घालतो.

मंडळास मी लेखी कळविले आहे की महिनाअखेरपर्यंत मी दार उघडीन. त्यानंतर वाचून दाखविण्याचे काम चालू ठेवीन, पण ग्रंथपालाच्या खुर्चीवर बसणार नाही आणि तिच्या वहीत माझे अक्षर उमटणार नाही. ती जागा रिकामी आहे हे गावास दिसू द्या. मी बसलो की ती भरल्यासारखी दिसते, आणि मंडळास तेवढेच हवे आहे. अध्यक्ष म्हणाले, मास्तर असे अडवून धरतात हे शोभत नाही. सरकारी नोकराने राजकारण करू नये हे मला ठाऊक आहे. परंतु मी ह्या गावचा मतदार आहे, घरपट्टी भरतो, आणि ग्रामसभेत बसावयाचा अधिकार मला कोणी देणगी म्हणून दिलेला नाही.

येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मी तीन कलमांचा ठराव ठेवीत आहे. एक, वाचनालयाचा गेल्या पाच सालांचा जमाखर्च, वेतनाच्या पावत्यांसकट, वाचून दाखवावा. दोन, ग्रंथपालाची जागा भरावी, तिच्या पगारात ग्रामपंचायतीने आपल्या निधीतून दरमहा भर घालावी, आणि गावच्या ज्या लेकीने ती सहा वर्षे सांभाळली तिला आधी विचारावे. तीन, अनामत बंद करून दार रात्री नऊपर्यंत उघडे ठेवावे. सूचक मी आहे. अनुमोदक अजून मिळावयाचा आहे. दोघांनी हो म्हणून सांगितले होते, त्यांतला एक काल संध्याकाळी येऊन, गुरुजी माझे नाव तूर्त घालू नका, असे म्हणून गेला. दुसरी बुधवारच्या वाचनाला येणारी बाई आहे. तिला सही करता येते. नाव घाला म्हणाली.



आपला,
एक खेड्यातला शाळामास्तर